दोरी सुटल्यानंतर

खारीच्या आकाशात ग्लायडर टिकणार नाही, आणि त्याचा दोष समुद्राकडे जातो. भाईंदर पूर्वेची गोडदेव, नवघर, खारी ही जुनी गावे आता इमारतींच्या गर्दीत शोधावी लागतात. तरी मिठागरांचे काही तुकडे अजून शिल्लक आहेत, उत्तरेला वसईची खाडी आहे आणि पश्चिमेला, रेल्वे ओलांडून पलीकडे, उत्तनचा किनारा. सकाळी अकराच्या सुमारास जमीन कुठे जरा तापू लागते, तोच समुद्रावरून वारा सुटतो. घामेजलेल्या माणसाला तो हवाहवासा वाटतो. पण जमिनीवरून वर निघालेल्या ऊन हवेचा तो पायाच काढून घेतो. मिठागरांत तर पाणी आणि पांढरे मीठ. तिथे पडणारे ऊन एकतर पाणी सुकवण्यात खर्ची पडते, नाहीतर आले तसे परत जाते. हवा वर चढायला जी कोरडी, गडद, तापलेली जागा लागते ती आमच्याकडे दोनच ठिकाणी सापडते: स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांचे पत्रे आणि उत्तनजवळचा धावगीचा कचऱ्याचा डोंगर. दोन्ही ठिकाणी घारी असतात.

घार पाहायला दुर्बीण लागत नाही, मान वर करायची सवड लागते. पत्र्यांच्या वर ती आधी नुसती सरळ जाते. मग एक पंख किंचित उचलला जातो, जणू खालून कोणी ढोसले. ती त्याच बाजूला वळते आणि घिरट्या घालू लागते. पंख हलत नाहीत. शेपटी मात्र सारखी इकडून तिकडे पिळत असते. दहा-बारा फेऱ्यांत ती पाचव्या मजल्याच्या उंचीवरून विसाव्या मजल्याच्या वर गेलेली असते. या सगळ्या वेळात ती खरे म्हणजे खालीच घसरत असते. हवेच्या मानाने ती सेकंदाला मीटरभर खाली येते. पण ती हवाच सेकंदाला दोन-तीन मीटर वेगाने वर चाललेली असते. ग्लायडिंग या खेळाचे सारे शास्त्र एवढेच आहे. माझे हे बाकीचे पुस्तक म्हणजे त्याचा तपशील.

हा तपशील आपल्याच देशात एका माणसाने फार बारकाईने टिपला होता. अर्नेस्ट हॅनबरी हँकिन हे आग्र्याला सरकारी प्रयोगशाळेत जंतुशास्त्रज्ञ होते. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू का तगत नाहीत, यावर त्यांनी १८९६ साली निबंध लिहिला. जंतूंच्या अभ्यासकांना त्यांचे नाव त्यामुळे माहीत असते. आपल्या कामाचे त्यांचे पुस्तक मात्र १९१३ चे, ‘ॲनिमल फ्लाइट’. आग्र्याच्या घारी आणि गिधाडे रोज किती वाजता पंख न हलवता तरंगू लागतात, याच्या नोंदी त्यात आहेत. सकाळी आधी घारी वर जातात, मग वेळ गेला की गिधाडे. घारीचे वजन तिच्या पंखांच्या मानाने कमी, म्हणून तिला सकाळची कोवळी हवा पुरते. गिधाडाला ऊन चांगले चढावे लागते. आजही ग्लायडरवाले मैदानावर बसून हेच करतात. पहिली घार वर गेली, की कोणीतरी टोपी चढवून उठतो.

इथे एक घोळ मिटवून टाकतो, नाहीतर पुस्तकभर तो आडवा येईल. लोणावळ्याहून पुण्याला जाताना कामशेतच्या डोंगरांवर रंगीत छत्र्या तरंगताना दिसतात, ते पॅराग्लायडिंग. त्यात कापडाच्या पंखाला दोऱ्यांनी लटकलेला माणूस डोंगराच्या उतारावरून पळत सुटतो. ग्लायडर हे पुरते विमान असते: लांब निमुळते पंख, शेपूट, सुकाणू, कॉकपिट, वर पारदर्शक झाकण, नसते ते फक्त इंजिन. साध्या शिकाऊ ग्लायडरला एक किलोमीटर उंची दिली, तर स्तब्ध हवेत ते पंचवीस-अठ्ठावीस किलोमीटर जाऊन मगच जमिनीला लागते. स्पर्धेतली आधुनिक ग्लायडरे तेवढ्याच उंचीत पन्नास किलोमीटर आणि त्याहूनही लांब जातात. दगडासारखे पडेल अशी ज्यांची समजूत असते त्यांना हे आकडे खोटे वाटतात. प्रवासी विमानाची इंजिने बंद पडली तर तेही बरेच अंतर तरंगत येते, हे त्यांना सांगायच्या भानगडीत मी आता पडत नाही.

खारीहून ग्लायडर पाहायला जायचे तर घाट चढावा लागतो. सह्याद्री ओलांडला की हवा बदलते, हे पुण्या-मुंबईच्या गाडीत बसलेल्या कोणालाही कळते. ती का बदलते, हे ग्लायडर उडवणाऱ्याला कळावे लागते. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. मार्चपासून तिथली जमीन कोरडी पडते, नांगरलेली काळी रानं तापतात, आणि पातेल्याच्या तळाशी सुटणाऱ्या बुडबुड्यांसारखे हवेचे लोळ एकामागून एक सुटू लागतात. त्यांना थर्मल म्हणतात. वर जाणारी कोरडी हवा दर शंभर मीटरला जवळपास एक अंश थंड होत जाते. तरीही भोवतालच्या हवेपेक्षा ती ऊन आहे तोवर चढत राहते. तिच्यात पुरेशी वाफ असेल तर एका उंचीला ढग धरतो, सपाट बुडाचा, कापसासारखा. ग्लायडरवाल्याच्या दृष्टीने तो ढग म्हणजे खाली थर्मल असल्याची पाटी. एप्रिलच्या शेवटी तर ढगच होत नाही, इतकी हवा कोरडी असते. मग शेतातून उठणाऱ्या वावटळी पाहायच्या आणि घारी शोधायच्या. संध्याकाळी पुण्याला जो गार पश्चिम वारा सुटतो आणि लोक गच्चीवर येऊन बसतात, तो म्हणजे आमचाच समुद्र घाट चढून आलेला असतो. तो आला की ग्लायडरांचा दिवस संपला.

ज्या शहरात हवामानशास्त्र खात्याचे कार्यालय १९२८ साली सिमल्याहून आले, म्हणून त्या इमारतीला अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, आणि जिथे १९६२ पासून उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था पावसाच्या ढगांचा अभ्यास करते, त्याच शहरात सरकारने ग्लायडिंगचे केंद्र काढावे, हे मला फार योग्य वाटते. ठरवून केले की योगायोगाने झाले, हा भाग वेगळा. हडपसरचे ग्लायडिंग सेंटर १९५० सालचे. सासवड रस्त्याला लागून दोनशे एकरांहून मोठे गवताळ मैदान; केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ताब्यातले. ते उभे राहिले तेव्हा हडपसर म्हणजे भाजीचे मळे आणि उसाची रानं. आता एका बाजूला मगरपट्टा आणि अमानोरा, दुसऱ्या बाजूला फुरसुंगीची आयटी पार्कं. थोडे पलीकडे उरुळी देवाची-फुरसुंगीचा कचरा डेपो, त्यामुळे घारींना तोटा नाही. उत्तरेला हाकेच्या अंतरावर लोहगाव, म्हणजे हवाई दलाचा तळ आणि पुण्याचा नागरी विमानतळ. इंजिन नसलेल्या, हळू चालणाऱ्या, थांबा म्हटले तर थांबू न शकणाऱ्या विमानाने लढाऊ विमानांच्या शेजारी कसे नांदायचे, ही तिथली रोजची कसरत आहे.

मैदानावर प्रत्यक्ष काय घडते ते एकदा सावकाश पाहण्यासारखे आहे. ग्लायडर एकाच चाकावर उभे असते, एक पंख जमिनीला टेकलेला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, किलोमीटरभर लांब, विंच असते: मोठे इंजिन आणि दोर गुंडाळायचे ड्रम. कोणीतरी गाडीने त्या दोराचे टोक ओढत आणते. दोराच्या टोकाशी एक छोटी छत्री आणि एक ठरावीक ताणाला तुटणारा कमकुवत दुवा मुद्दाम घातलेला असतो, म्हणजे ओढ फार झाली तर तो तुटावा, पंख तुटू नयेत. ग्लायडरच्या पोटाखाली हूक. आत बसलेला माणूस पिवळी मूठ ओढून हूक उघडून दाखवतो, मग सोडतो, दोर अडकतो. दुसरा एक जण टेकलेल्या पंखाचे टोक उचलून सरळ धरतो. वर, मागे, आजूबाजूला कोणी उतरत नाही ना, हे पाहतो. मगच इशारा होतो. सुरुवातीला दोर हळूच ओढला जातो, गवतातून सापासारखा सरळ होत जातो. तो ताठ झाला की दुसरा इशारा. पंख धरलेला माणूस चार-सहा पावले पळतो आणि पुढचे पाऊल टाकेपर्यंत पंख त्याच्या हातातून गेलेला असतो. तीन-चार सेकंदांत चाक जमीन सोडते आणि नाक आकाशाकडे उभे राहते. आत बसलेल्याला फक्त निळे दिसते. अर्ध्या मिनिटाच्या आसपास ओढ कमी होते, तो नाक खाली घेतो आणि पिवळी मूठ दोनदा ओढतो. खाडकन आवाज होतो. छत्री उघडून दोर खाली जातो. यानंतर जी शांतता येते तिचे वर्णन करायचा मोह प्रत्येक ग्लायडरवाल्याला होतो. मी तो आवरला आहे, कारण वारा झाकणावरून सरसरत असतो आणि खरे तर ती शांतता नसतेच.

आता हिशेब. विंचने तीनशे-साडेतीनशे मीटर उंची दिली. ग्लायडर सेकंदाला मीटरभर खाली येते. म्हणजे पाच-सहा मिनिटांत परत जमिनीवर. तेवढ्यात थर्मल सापडला तर तास, नाही सापडला तर पुन्हा दोराच्या रांगेत. शिकणाऱ्याचा बहुतेक काळ या पाच-सहा मिनिटांतच जातो: उड्डाण, उजवे वळण, डावे वळण, धावपट्टीच्या कडेने समांतर येणे, उतरणे. समोरच्या झाकणावर बाहेरून चिकटवलेला लोकरीचा लाल दोरा असतो, बोटभर लांब. तो सरळ मागे उडत असेल तर ग्लायडर हवेत नीट चालले आहे. तिरका गेला तर तुमचे पाय आणि हात एकमेकांशी भांडत आहेत. लाखोंच्या यंत्रावर हे सगळ्यात स्वस्त उपकरण, आणि शिक्षक सर्वांत जास्त ओरडतो ते त्याच्यावरूनच. उंची किती बदलते आहे हे दाखवणारे व्हेरिओमीटर १९२० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत ग्लायडरमध्ये आले. त्याआधी वैमानिकांना टेकडीच्या उतारावर वारा आदळून जो वर जातो त्याच्याच आधाराने उडावे लागे; या उपकरणामुळे डोंगर सोडून सपाटीवरचे अदृश्य थर्मल शोधता येऊ लागले. आता ते आवाजही देते. चढताना टिवटिव, पडताना खर्ज. कान त्याच्याकडे आणि डोळे बाहेर, हा पहिला धडा.

जर्मनीचे नाव आलेच आहे तर दोन वाक्ये. ओटो लिलिएंथाल या माणसाने १८९० च्या दशकात टेकडीवरून हजारो वेळा झेपा घेतल्या आणि १८९६ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका झेपेत तो पडून गेला. पुढे पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनीच्या इंजिनवाल्या विमानांवर बंधने आली, तेव्हा तिथली तरुण मंडळी १९२० पासून वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर बिनइंजिनाची विमाने घेऊन जमू लागली. तिथून हा खेळ जगभर गेला. त्या मंडळींच्या देशाचे पुढे काय झाले आणि या कौशल्याचा उपयोग कशाला झाला, ते वाचकांना माहीत आहे; पुस्तकात त्यावर वेगळे प्रकरण आहे, कारण ते गाळून हा इतिहास सांगणे मला पटत नाही.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे या खेळात एक गोष्ट अशी घडली, जी मराठी वाचकाला पंचांगातून ओळखीची वाटेल. दिल्लीला नागरी विमान वाहतूक खात्याच्या तंत्रकेंद्रात एस. रामामृतम आणि त्यांचे सहकारी ग्लायडरांचे आराखडे करू लागले. १९५८ मध्ये ‘अश्विनी’ उडाले, १९६१ मध्ये ‘रोहिणी’, १९६३ मध्ये ‘कार्तिक’, १९६७ मध्ये ‘भरणी’, १९७० मध्ये ‘मृगशीर्ष’ आणि १९७९ मध्ये ‘आर्द्रा’. कृत्तिकेच्या जागी कार्तिक धरला तर ही ओळीने पहिली सहा नक्षत्रे होतात, फक्त आकाशातल्या क्रमाने उडाली नाहीत. रोहिणीत शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसत. ती शंभरावर बनली आणि देशभरच्या क्लबांत, राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत पोहोचली. लाकूड, प्लायवूड, त्यावर कापड आणि ते ताठ करणारा डोप नावाचा लेप. आपण लाकडात काम करत होतो तेव्हाच, १९५७ साली, श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी फायबरग्लासचे ‘फिनिक्स’ उडवले होते आणि लाकडाचे दिवस तिथे सरत आले होते. तरीही दिल्लीच्या त्या मंडळींनी जे केले ते परवडणारे होते, दुरुस्त करता येणारे होते आणि आपल्या हवेला साजणारे होते. पुढे ती परंपरा आटली. छात्रसेनाही इंजिनवाल्या छोट्या मायक्रोलाइटकडे वळली. शेतकऱ्याच्या तोंडी रोहिणी, मृग, आर्द्रा म्हणजे पाऊस. ग्लायडरवाल्यालाही ती नक्षत्रे लागली की यंत्रे शेडमध्ये ढकलावी लागत. जमीन भिजली की थर्मल मेला.

मराठी माणसाला विमानाचा इतिहास म्हटले की शिवकर बापूजी तळपदे आठवतात, १८९५, गिरगाव चौपाटी. त्यांनी तिथे विमान उडवल्याचे सांगतात, पण त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा मला कुठे सापडलेला नाही; ज्या ‘वैमानिकशास्त्र’ ग्रंथाचा आधार अशा गोष्टींसाठी दिला जातो, त्यातली विमाने उडूच शकत नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. मला त्या वादात रस नाही. माझी तक्रार निराळी आहे. पुरावा नसलेल्या उड्डाणावर आपण नाटक, सिनेमा, व्हॉट्सॲप सगळे खर्च केले, आणि सत्तर वर्षांहून अधिक काळ जे मैदान खरोखर उभे आहे, जिथे कॉलेजच्या पोरापोरींनी दोराच्या टोकाला अडकून आकाश पाहिले, त्यावर मराठीत धड एक पुस्तक नाही. हे पुस्तक लिहायला घेतले ते त्या चिडीतून.

दुसरे कारण ऑस्ट्रेलिया. मेलबर्न-सिडनीला आता मराठी घरे भरपूर झाली आहेत, आणि तिथे मुलाकडे-मुलीकडे जाऊन आलेली मंडळी आकाशातल्या पांढऱ्या पंखांबद्दल विचारतात. मेलबर्नच्या पश्चिमेला तासाभरावर बॅकस मार्श नावाचे गाव आहे; तिथल्या एकाच विमानतळावर तीन ग्लायडिंग क्लब नांदतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्लायडिंग महासंघाची स्थापना १९४९ सालची, म्हणजे हडपसरच्या फक्त एक वर्ष आधीची. सुरुवात जवळपास बरोबर झाली. पुढे फरक पडत गेला. १९७४ मध्ये मरी नदीकाठच्या वायकेरी गावी जागतिक स्पर्धा भरल्या. १९८७ आणि पुन्हा २०१७ मध्ये व्हिक्टोरियातल्या बेनॅलाला. महिलांची जागतिक स्पर्धा २०२० च्या जानेवारीत लेक कीपिटला. टोकमवॉल या गावात राहणारा इंगो रेनर चार वेळा जगज्जेता झाला. टोकमवॉल, बेनॅला, नॅरोमाइन हे तिन्ही दुसऱ्या महायुद्धातले हवाई दलाचे तळ. युद्ध संपले, विमाने गेली, लांबलचक धावपट्ट्या गव्हाच्या शेतांत पडून राहिल्या आणि क्लबांनी त्या वापरात आणल्या.

हवाही तशीच. चाळीस अंशांच्या दिवशी तिथे थर्मल तीन-चार हजार मीटरपर्यंत जातात. खाली सपाट, कोरडी, कापणी झालेली रानं, कुठेही उतरा. हान्स-वेर्नर ग्रोसे हा जर्मन वैमानिक मुद्दाम ॲलिस स्प्रिंग्जला जाऊन हजार किलोमीटरांहून मोठे त्रिकोण उडला. आणि उत्तरेला, कार्पेंटेरियाच्या आखाताकाठी बर्कटाउनला, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पहाटे समुद्रावरून ढगाची एक लांबच लांब लाट गुंडाळत येते. तिला मॉर्निंग ग्लोरी म्हणतात. १९८९ मध्ये तिच्या पुढच्या अंगावर पहिल्यांदा ग्लायडर घेऊन दोघे जण गेले, आणि तेव्हापासून हौशी लोक दरवर्षी त्या ओसाड गावात जाऊन पहाटेची वाट पाहतात. गंमत अशी, की त्या लाटेच्या मुळाशी समुद्राकडून येणारे वारेच असतात. खारीला जो वारा थर्मल कापतो, त्याचाच एक मोठा भाऊबंद तिथे ग्लायडरला शेकडो किलोमीटर नेतो.

पण हवा आणि जमीन एवढ्यावर खेळ उभा राहत नाही. ऑस्ट्रेलियन क्लबात शनिवारी सकाळी काय होते ते पाहिले की उलगडा होतो. शेडची दारे ढकलून उघडायची. ग्लायडरे हाताने बाहेर काढायची, पुसायची. प्रत्येकाची रोजची तपासणी एक जण करतो आणि वहीत सही करतो: पिनांपासून चाकाच्या हवेपर्यंत, आणि सुकाणूच्या प्रत्येक सांध्यापाशी एक जण आत दांडा हलवतो, दुसरा बाहेर पंखाचा भाग धरून ताण पाहतो. मग विंचवर एक, दोर आणायला एक, पंख धरायला एक, वेळ लिहायला एक. शिक्षक बहुतांशी बिनपगारी, क्लबचेच सभासद. यात वकील असतात, सुतार असतात, निवृत्त शिक्षिका असतात, शाळेतली मुलेही असतात. मोटारीच्या परवान्याचे वय व्हायच्या आत एकट्याने ग्लायडर उडवलेली पोरे या खेळात सर्वत्र भेटतात. दिवसभरात प्रत्येकाच्या वाट्याला तासभर आकाश येते, बाकी सगळा वेळ इतरांसाठी उन्हात उभे राहणे. ज्याला फक्त उडायचे आहे, तो तिथे टिकत नाही. पैसे टाकून दहा मिनिटे बसून जाणाऱ्याला मैदान नमस्कार करते, पण त्याला आपले म्हणत नाही.

अशी मंडळी आपल्याकडे जमत नाहीत असे कोणी म्हटले तर मी भांडेन. महाराष्ट्रात गिरिभ्रमण संस्था अशाच चालतात. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ने २०१२ मध्ये एकाच मोहिमेत आठ जणांना एव्हरेस्टवर नेले, ते नोकऱ्या सांभाळून, वर्गण्या काढून. ढोल-ताशा पथकांची पोरे महिनोन् महिने नदीकाठी तालीम करतात. जोखीम, शिस्त, रात्रीअपरात्री मदतीला धावणे, हे सगळे आपल्याला येते. अडते ते जमिनीवर. हरिश्चंद्रगड चढायला कोणाच्या नावावर सातबारा लागत नाही. ग्लायडरला किलोमीटर-सव्वा किलोमीटरची सपाट पट्टी लागते, तिच्या दोन्ही टोकांना इमारती नकोत आणि वर आकाशाची परवानगी हवी. अशी जमीन शहराजवळ असली की तिच्यावर सगळ्यांचे डोळे असतात. मिठागरांचे काय झाले आणि होते आहे, ते मीरा-भाईंदरच्या माणसाने दुसऱ्या कोणाला सांगायला नको. हडपसरचे मैदान आजवर उघडे राहिले, ते सरकारी मालकीमुळे राहिले. आणि सरकारी खात्याच्या कारभारात जे होते तेही त्याच्या वाट्याला आले: सगळे पगारी, सगळे नियमांनुसार, आणि बाहेरच्या हौशी माणसाला हात लावायला वाव कमी. मैदान सरकारचे आणि रोजचे काम सभासदांचे, अशी एखादी घडी बसवता आली तर बसवावी, एवढेच माझे म्हणणे आहे. त्याला कोणी स्वप्न म्हटले तरी हरकत नाही; दिल्लीला एका खात्याने सहा नक्षत्रे उडवली, तेव्हाही कोणी ना कोणी हसलेच असेल.

शेतात उतरण्याबद्दल लोक हमखास विचारतात. लांब पल्ल्याला निघालेल्या वैमानिकाला थर्मल सापडला नाही तर तो रानात उतरतो, यात संकट असे काही नसते. त्याची तालीमच असते. वैमानिकाच्या कौशल्यासाठी मिळणाऱ्या रुपेरी बिल्ल्यासाठी पन्नास किलोमीटर अंतर, हजार मीटर चढ आणि पाच तास हवेत, अशा अटी जगभर आहेत, आणि सुवर्ण बिल्ल्याला तीनशे किलोमीटर. ही अंतरे कापताना खाली कुठली शेते मोकळी आहेत हे सतत मनात असावे लागते. आपल्याकडे उसात उतरणे म्हणजे ग्लायडर आणि शेतकरी दोघांचेही नुकसान. हरभरा-ज्वारी निघाल्यानंतरची रानं उत्तम, पण बांध आणि विजेच्या तारा पाहून. तारा वरून दिसत नाहीत. खांब दिसतात, म्हणून खांब मोजायचे. आणि उतरल्यावर सगळ्यात आधी शेताच्या मालकाला भेटायचे, मग क्लबला फोन. ट्रेलर येईपर्यंत गावातली पोरे पंखाभोवती जमतात, चहा येतो, आणि ‘इंजिन कुठाय?’ हा प्रश्न येतो.

धोका आहे. तो लपवणारे पुस्तक मी लिहिणार नाही. ग्लायडिंगमधले बहुतेक अपघात कमी उंचीवर घाई करण्याने होतात: धावपट्टी गाठायची जिद्द, शेवटचे वळण फार हळू, फार खाली. यंत्रही कधी दगा देते. २०१० च्या जूनमध्ये ऑस्ट्रियात एका ब्लानिक एल-१३ चा पंख हवेत निखळला आणि जगभर त्या प्रकारची ग्लायडरे जमिनीवर आली. कित्येक क्लबांचे शिक्षणच थांबले. धातूचा थकवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून उड्डाणांची वही इतक्या काटेकोरपणे लिहितात. सही करताना हात थांबावा, अशी सवय ज्याला लागली तो चांगला वैमानिक होण्याची शक्यता जास्त.

पुस्तकाची मांडणी करताना मी पंखांच्या गणितापासून सुरुवात केलेली नाही. पहिले प्रकरण विंच आणि दोराचे आहे, दुसरे मैदानावरच्या माणसांचे, तिसरे ऑस्ट्रेलियातल्या क्लबांचे. वायुगतिशास्त्र पाचव्या प्रकरणात येते आणि सूत्रे नको असणाऱ्याने ते खुशाल ओलांडून जावे. नक्षत्रांच्या ग्लायडरांचे प्रकरण सर्वांत मोठे झाले आहे. ज्याला प्रत्यक्ष मैदानावर जायचे असेल त्याने उन्हाळ्यात जावे, सकाळी लवकर, रुंद टोपी आणि पाणी घेऊन. आधी चौकशी करावी, मैदानावर सांगितल्याशिवाय पाऊल टाकू नये, दोराच्या रेषेत तर कधीच उभे राहू नये. कोणी ढकलायला बोलावले तर पंखाच्या टोकाला हात लावू नये. कुठे धरायचे ते विचारावे आणि तिथेच धरावे.